मेंढपाळांचा देव राक्षस कसा झाला?

सन २०२४ च्या सप्टेंबर महिन्यात ‘तुंबाड’ हा चित्रपट पुनश्च चित्रपटगृहांत दाखल झाला, तेव्हा आमच्या येरवड्याच्या धर्मग्रामातील काही तरुण-तरुणी तो पाहून आली. पुढच्या रविवारी मिस्सा आटोपून आम्ही सॅक्रिस्टीत वस्त्रे उतरवीत असतानाच दोन पाहुणे आमच्यासमोर उभे राहिले. पहिले होते आमच्या धर्मग्रामातील एक वयोवृद्ध, श्रद्धाळू गृहस्थ. “फादर, पोरं राक्षसाची पूजा बघून आली आहेत. पुढच्या रविवारी प्रवचनात खडसावून सांगा, असल्या गोष्टी वाचायच्या नाहीत, बघायच्या नाहीत,” असे त्यांचे म्हणणे. दुसरा होता अभियांत्रिकीचे शिक्षण घेणारा एक तरुण. त्याची तक्रार अगदी निराळी. चित्रपटातील ‘हस्तर’ हे दैवत मुळात लव्हक्राफ्ट या अमेरिकन लेखकाच्या विश्वातले असून आपल्या लोकांनी ते उचलले, नाव वाकडे केले, रूप बदलले. ही वाङ्मयीन चोरी आहे आणि मूळ दैवताची विटंबनाही, असा त्याचा दावा होता.

काकांना हस्तर फार खरा वाटला आणि आमच्या तरुण मित्राला पुरेसा खरा वाटला नाही. उभयतांशी आमचा मतभेद आहे. सॅक्रिस्टीच्या दारात तो नीटपणे मांडता आला नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम तरुण मित्राच्या दाव्याचा विचार करू. लव्हक्राफ्ट (१८९०–१९३७) हा ज्या प्रकारच्या भयकथांचा अध्वर्यू मानला जातो, त्या कथांत भूत-पिशाच्च नसते. तेथे अवकाशाच्या आणि काळाच्या पलीकडून आलेल्या अफाट शक्ती असतात, आणि त्यांच्या लेखी मनुष्य म्हणजे पायाखालची मुंगी. ‘हस्तर’ हे नाव लव्हक्राफ्टने १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या एका कथेत घेतले खरे, पण ते ओझरतेच. अनेक विचित्र नावांच्या यादीतले एक नाव म्हणून. त्याच्या लेखणीतून त्या दैवताला ना रूप मिळाले, ना इतिहास. नावदेखील त्याचे नव्हतेच. ते त्याने रॉबर्ट चेंबर्सच्या ‘द किंग इन यलो’ या १८९५ सालच्या कथासंग्रहातून घेतले. चेंबर्सच्या एका कथेत तर हस्तर हा देवही नाही. ससाणे सांभाळणारा एक सेवक आहे! आणि चेंबर्सने ते उचलले अँब्रोज बिअर्सकडून.

बिअर्सची ‘मेंढपाळ हाइटा’ ही छोटीशी कथा १८९१ सालची. हस्तरचा जन्म तिथला. वाचकहो, हा आद्य हस्तर कोण आहे? तो मेंढपाळांचा देव आहे. हाइटा नावाचा निष्कपट तरुण रोज सूर्योदयी त्याच्या देवळीपाशी प्रार्थना करतो आणि देव ती ऐकून संतुष्ट होतो. एकदा अतिवृष्टीने खालच्या प्रदेशातील नगरे बुडण्याची वेळ येते, तेव्हा हा पोरगा आपल्या देवाला बजावतो की, मला आणि माझ्या मेंढरांना तू डोंगराचा आसरा दिलास हे ठीक, पण उरलेल्या जगालाही तूच वाचवले पाहिजेस, नाहीतर माझी पूजा बंद. आणि देव ऐकतो. पोरगा शब्दाचा पक्का आहे हे जाणून तो पुराचे पाणी समुद्राकडे वळवतो.

सदोम नगरासाठी देवाशी घासाघीस करणारा अब्राहाम ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही प्रार्थना परकी वाटणार नाही. विठ्ठलाशी भांडणारी, त्याला शिव्याशाप देणारी जनाबाई ज्या भाषेत जन्मली, त्या भाषेच्या वाचकालाही ती परकी वाटू नये. तेव्हा, मित्रा, ‘मूळ हस्तर’ जर कुणी असेलच, तर तो हा आहे. त्याची विटंबना झाली असेल, तर ती सासवडच्या वाड्यात चित्रीकरण करणाऱ्यांनी केलेली नाही. ती त्यांच्या कितीतरी आधी होऊन गेली होती.

शिवाय ज्या लव्हक्राफ्टची मालकी तू सांगतोस, त्याला मालकी नकोच होती. त्याचा स्नेही क्लार्क अ‍ॅश्टन स्मिथ याने कल्पिलेल्या एका दैवताचे नाव त्याने आपल्या कथेत घातले, तेही स्मिथची मूळ कथा छापून येण्यापूर्वीच. आणि मित्रांनी आपली दैवते घ्यावीत यात त्याला आनंद होता. त्याने बायबललाही सोडले नाही. १९१७ साली लिहिलेल्या त्याच्या एका कथेचे नाव आहे ‘दागोन’. शमुवेलच्या पहिल्या ग्रंथात अश्दोदच्या मंदिरात देवाच्या कोशापुढे उपडा पडलेला पलिष्ट्यांचा दागोन तो हाच. पण प्राचीन सीरियात पूजला जाणारा दागान हा अभ्यासकांच्या मते धान्याशी नाते सांगणारा देव. हिब्रू भाषेत ‘दागान’ म्हणजे धान्य आणि ‘दाग’ म्हणजे मासा. या साधर्म्यावरून मध्ययुगीन भाष्यकारांनी त्याला कमरेखाली मासा करून टाकले, आणि लव्हक्राफ्टने त्या माशाला समुद्रतळातून वर येणारा महाकाय प्राणी केले. म्हणजे शेतकऱ्यांचा अन्नदाता अनेक पिढ्यांनंतर समुद्रातला राक्षस झाला, आणि त्या प्रवासातील एक टप्पा पवित्र ग्रंथाच्या भाष्यकारांच्या हातून पार पडला.

आता आमच्याच घरातील एका माणसाविषयी बोलणे भाग आहे. लव्हक्राफ्टच्या मृत्यूनंतर त्याचे साहित्य पुस्तकरूपाने टिकावे म्हणून ऑगस्ट डर्लेथ (१९०९–१९७१) याने १९३९ साली डोनाल्ड वँड्री याच्यासह एक प्रकाशनसंस्था काढली. त्याने ती खटपट केली नसती, तर ते लेखन स्वस्त मासिकांच्या रद्दीत गेले असते. हे ऋण कुणीही नाकारू नये. पण डर्लेथ तेवढ्यावर थांबला नाही. त्याच वर्षी त्याने हस्तरवर स्वतंत्र कथा प्रसिद्ध केली आणि पुढे या सर्व दैवतांची पद्धतशीर मांडामांड केली. वरचे चांगले देव एकीकडे, बंड करून हाकलले गेलेले दुष्ट देव दुसरीकडे. दुष्टांची पंचमहाभूतांप्रमाणे वाटणी: कथुलू पाण्याचा, हस्तर वाऱ्याचा; अग्नीचा कुणी नव्हता, तर त्याने तो नवा निर्माण केला. डर्लेथ जन्माने कॅथलिक होता. आपली ही रचना सैतानाच्या पतनाच्या ख्रिस्ती कथेशी जुळते, असे तो आवर्जून सांगे. एवढेच काय, लव्हक्राफ्टचे म्हणून जे एक वाक्य तो त्यासाठी पुढे करी, ते लव्हक्राफ्टच्या पत्रांत नाहीच, एका तिऱ्हाइताच्या पत्रातले आहे, हे पुढे संशोधकांनी दाखवून दिले.

एखाद्या कॅथलिक नियतकालिकाने अशा लेखकाचा गौरव करावा, असे कुणाला वाटेल. आमचे मत नेमके उलट आहे. डर्लेथने आमची श्रद्धा त्या कथांत नेली नाही. तिचा सांगाडा तेवढा नेला. त्याच्या कथांतील नायकांना पश्चात्ताप करावा लागत नाही, क्षमा मागावी लागत नाही, कुणासाठी काही सोसावे लागत नाही. पंचकोनी ताऱ्याच्या आकाराचा एक दगड जवळ बाळगला की झाले. दुष्ट शक्ती चार हात दूर राहतात. यालाच आपल्याकडे ताईत म्हणतात. शिवाय दुष्टता एकदा वारा-पाण्याच्या गुणधर्मांत जाऊन बसली, की मनुष्याच्या पापाला जागाच उरत नाही. वारा दुष्ट आहे म्हटल्यावर माणसाने स्वतःकडे पाहायचे कशाला? लव्हक्राफ्ट उघड नास्तिक होता. आकाशात आपली हाक ऐकणारे कुणीच नाही, हे भय त्याने प्रामाणिकपणे मांडले. श्रद्धावंताने त्या भयाकडे आदराने पाहावे, कारण वधस्तंभावरील प्रभूलाही ती पोकळी चुकली नाही. डर्लेथने मात्र त्या पोकळीला आमच्या धर्मशिक्षणाच्या वहीतील कागद चिकटवले.

नगर रस्त्यावरील सेमिनरीत शिकत असताना आम्हांला एक गोष्ट पक्की शिकवली गेली होती: जुन्या दैवताचे नवे होणे हा धर्मेतिहासातील अपवाद नव्हे, तो नियम आहे. बिअर्सच्या मेंढपाळ-देवाची जशी अधोगती झाली, तशी दुसऱ्या एका मेंढपाळ-देवाची ऊर्ध्वगती याच महाराष्ट्रात झालेली आहे. पुण्याचे थोर संशोधक डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथात पंढरीच्या विठ्ठलाचे मूळ गवळी-धनगरांच्या देवात शोधले. तो ग्रंथ साहित्य अकादमीने गौरविला. गुराढोरांच्या रानातला तो देव संतांच्या हाती आला आणि ‘माउली’ झाला. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ (१९६२) मध्ये पुण्याभोवतालच्या म्हसोबांचा माग काढला, तेव्हा त्यांना आढळले की, ज्या महिषासुराला देवी ठार मारते त्याचेच नाते सांगणाऱ्या म्हसोबाचे काही ठिकाणी देवीशी लग्न लागलेले आहे! आणि आम्ही? रोममधील भूमिगत दफनभूमींच्या भिंतींवर आद्य ख्रिस्ती चित्रकारांनी खांद्यावर कोकरू घेतलेला जो कोवळा मेंढपाळ रंगविला, त्याची देहाकृती ग्रीक-रोमन कलेत आधीपासून होती. आमच्या पूर्वजांनी ती घेतली आणि तिच्यात उत्तम मेंढपाळ पाहिला. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ साली राचोल येथे छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटले आहे. ती चोरी असेल, तर त्या चोरीवर आम्ही चारशे वर्षे अभिमान बाळगून आहोत.

तेव्हा रूप बदलणे वा नाव बदलणे हा गुन्हा नव्हे. मग एकच बदल विठ्ठलाला वर नेतो आणि हस्तरला खाली ओढतो, तो का? आमचे उत्तर असे आहे. ज्यांनी विठ्ठल बदलला, ते त्याच्याशी बोलत होते. त्याच्याकडे चालत जात होते, रुसत होते, त्याला जाब विचारीत होते. देव उंचावतो तो अशा संभाषणाने. ज्यांनी हस्तर बदलला, त्यांतील एकालाही त्याच्याशी काही बोलायचे नव्हते. चेंबर्सला त्या नावाचा नाद हवा होता, लव्हक्राफ्टला यादीत भर हवी होती, डर्लेथला वाऱ्याच्या रकान्यात घालायला कुणीतरी हवे होते. हाइटाची प्रार्थना कुणालाच ऐकू आली नाही. ज्याला कुणीही हाक मारीत नाही, केवळ वापरतात, तो देव शेवटी राक्षसच होणार.

आणि येथेच आम्हांला ‘तुंबाड’ या चित्रपटाची बाजू घ्यावयाची आहे. त्याचाही उगम असाच नागमोडी आहे. स्टीफन किंग याच्या १९८४ सालच्या एका कथेत मंत्रतंत्र जाणणारी एक भयानक आजी आहे, आणि त्या कथेतील अभद्र मंत्रांत हस्तरचे नाव येते. पुण्याचे भयकथालेखक नारायण धारप (१९२५–२००८) यांनी त्या वळणाची ‘आजी’ ही कथा मराठीत लिहिली. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी धारपांची कथा प्रथम वाचली नाही. १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राच्या तोंडून ऐकली. गावाचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या १९८७ सालच्या कादंबरीची आठवण देणारे. इतक्या हातांतून गेलेला हा ‘हस्तर’ २०१८ साली पडद्यावर आला तेव्हा त्याला प्रथमच स्वतःची अशी कथा मिळाली. समृद्धीच्या देवीचा तो पहिला पुत्र. आईजवळचे सोने त्याने घेतले, आणि तो अन्नाकडे वळताच इतर देव त्याच्यावर तुटून पडले. आईने त्याला उदरात लपविले, परंतु त्याची पूजा कधीही होणार नाही या अटीवर.

आता चित्रपटाचा नायक विनायक काय करतो ते पाहा. तो पुण्याहून तुंबाडला जातो, देवीच्या गर्भात दोराने उतरतो, आणि भुकेल्या हस्तरपुढे कणकेची बाहुली टाकतो. देव खाण्यात गुंतला की त्याच्या लंगोटातून पडणाऱ्या मोहरा गोळा करून पळतो. एकदाही तो हात जोडत नाही, काही मागत नाही. तो चोरतो. त्या गर्भात भय वाटते ते हस्तरच्या दातांचे, असे प्रेक्षकाला प्रारंभी वाटते. पुढे ध्यानात येते की, आत एक उपाशी मूल आहे आणि बाहेरून वर्षानुवर्षे एक धडधाकट गृहस्थ येऊन त्याला पिठाच्या बाहुलीने फसवीत आहे. मग राक्षस कोण? एक बाहुली पुरेना म्हणून अनेक बाहुल्या नेल्या, तर अनेक हस्तर निघाले. लोभाची याहून अचूक व्याख्या आम्ही तीस वर्षांच्या प्रवचनांत केलेली नाही, हे नम्रपणे कबूल करतो. अखेरीस बापाने पुढे केलेला लंगोट नाकारतो तो त्याचा मुलगा. त्या मुलाचे नाव पांडुरंग आहे.

डर्लेथने जी दुष्टता वाऱ्यात नेऊन ठेवली होती, ती या मंडळींनी परत माणसाच्या हातात आणून ठेवली. श्रद्धावंत म्हणवणाऱ्याला जे जमले नाही ते यांना जमले. म्हणून, मित्रा, तू ज्याला विटंबना म्हणतोस ती आमच्या मते शंभर वर्षांतील पहिली दुरुस्ती आहे.

राहता राहिले आमचे काका. काका, तुमची कळकळ आम्ही जाणतो. परंतु दुसऱ्याच्या देवाला राक्षस ठरविण्याची विद्या या कथालेखकांनी शोधलेली नाही. तीत आपण त्यांचे गुरू आहोत. राजांच्या दुसऱ्या ग्रंथात एक्रोनच्या देवाला ‘बालजबूब’ म्हणजे माशांचा धनी म्हटले आहे. बहुतेक अभ्यासकांच्या मते त्याचे खरे नाव ‘बालजबूल’, म्हणजे श्रेष्ठ स्वामी, असे होते. एक अक्षर फिरवून शत्रूच्या देवाभोवती माशा घोंगावू लागल्या, आणि शुभवर्तमानाच्या काळापर्यंत तो भुतांचा अधिपती झालेला होता. पुढे आमच्या मिशनांनी कोकणात आणि देशावर वेताळ, म्हसोबा, मरीआई अशा सगळ्यांना एकाच रांगेत उभे केले आणि एकच नाव दिले: सैतान. त्याच पवित्र ग्रंथात दुसरा मार्गही होता. अथेन्समध्ये संत पौलाला अज्ञात देवाची वेदी दिसली, तेव्हा त्याने ती फोडली नाही. तिच्यापासून बोलायला सुरुवात केली.

या पापात आम्हीही आहोत. सुमारे वीस वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, नाक्यावरच्या शेंदूर लावलेल्या दगडाला आम्ही वेदीवरून सैतान म्हटले होते. प्रवचन जोरदार झाले, लोकांनी वाखाणले. काही महिन्यांनी एक वृद्ध भगिनी पापनिवेदनाच्या वेळेबाहेर आमच्याकडे आली. तिची धाकटी बहीण हिंदू राहिली होती आणि दर अमावास्येला त्या दगडापुढे नारळ फोडीत असे. प्रवचन ऐकल्यापासून हिने तिच्या घरचे पाणी सोडले होते. मधल्या काळात बहीण वारली. अखेरच्या दिवसांत तिने ताईला निरोप पाठविला होता, आणि ताई गेली नव्हती. “फादर, ती सैतानाची होती का?” एवढेच तिने विचारले. आम्ही ‘नाही’ म्हणालो. पण ते ‘नाही’ वेदीवरून म्हटले गेले नव्हते, आणि त्याला फार उशीर झाला होता. त्या नाक्यावरच्या देवाचे आम्ही एका वाक्यात जे केले, ते करायला डर्लेथला अनेक कथा लिहाव्या लागल्या. आणि त्याच्या कथांपायी कुणी बहिणीला एकटे मरू दिले नाही.

म्हणून, काका, तुमची विनंती आम्हांला मान्य करता येत नाही. त्या मुलांना राक्षसाची दीक्षा मिळालेली नाही. तुम्हांला खरोखर हस्तरची चिंता असेल, तर ती आपल्या मंगळवारच्या नोव्हेनाकडे पाहून करा. संत अंतोनीपुढे मेणबत्ती लावून परदेशचा व्हिसा, जागेचा व्यवहार, भावाविरुद्धच्या दाव्याचा निकाल मागणारे आपण, आपल्यापैकी कितीजण त्याच्याशी बोलतो आणि कितीजण कणकेची बाहुली टाकून मोहरा वेचतो? काम झाले की चार महिने न फिरकणारे भाविक आम्ही मोजलेले नाहीत, पण ओळखतो. आम्ही स्वतःही, देणगीदाराच्या घरी आशीर्वादाला तत्परतेने जाताना, दोर हातात धरूनच गेलेलो आहोत.

ज्या प्रवचनाची मागणी झाली होती ते आम्ही देणार आहोत, मात्र त्याचा विषय मेंढपाळ हाइटाची प्रार्थना हा असेल. स्वतःची मेंढरे सुरक्षित असताना खालच्या नगरांसाठी देवाला अडवून धरणारा तो पोरगा आम्हांला हवा आहे. नदीकाठच्या आमच्या वस्त्यांत दर पावसाळ्यात पाणी शिरते, आणि शिरताना ते घर म्हसोबाच्या भक्ताचे की मरियेच्या, हे विचारीत नाही. काकांनी त्या दिवशी पहिल्या बाकावर बसावे. आमच्या तरुण मित्रानेही यावे, आणि बिअर्सचे पुस्तक मिळाल्यास सोबत आणावे.